मानसिक आजाराच्या गोळ्या आणि आपोआप होणाऱ्या हालचाली : पेशंटला स्वतःला कळतंय का, हे घरी कसं तपासायचं

मेडिकलच्या काउंटरवर हे मी सारखं बघतो. घरचे महिन्याच्या गोळ्या न्यायला येतात, मी विचारतो काही त्रास वगैरे, तर म्हणतात विचारलं ना भाऊला, तो म्हणे काहीच नाही. आणि भाऊ तिथेच पायरीवर बसलेला असतो, जीभ गालाच्या आतून फिरतेय, ओठ हलताय, पायाचा पंजा खालीवर चालू. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमासारख्या मानसिक आजारांच्या, गोळ्यांमुळे होणाऱ्या काही हालचाली पेशंटला जाणवतच नाहीत, काही जाणवतात पण तो त्यांना भलतंच नाव देतो, आणि काही जाणवतात पण सांगायची लाज वाटते नाहीतर डॉक्टर डोस वाढवतील ही भीती असते. म्हणून नुसतं विचारून भागत नाही. आधी गुपचूप बघायचं, मग विचारायचं, मग थोडं करायला लावायचं, आणि दाखवायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम बरोबर उलटा होतो, "अरे तोंड कशाला हलवतो" इथूनच सुरुवात, आणि मग पुढचं काहीच नीट कळत नाही.

ही घरची तपासणी म्हणजे निदान नाही. जळगाव-धुळ्याच्या ओपीडीत नंबर लागल्यावर डॉक्टरांसमोर जी चार-पाच मिनिटं मिळतात त्यात नेमकं काय सांगायचं, एवढ्यासाठी ती आहे.

१. आधी गोळ्यांची पूर्ण पिशवी रिकामी करा

सगळ्या स्ट्रिप खाटेवर मांडा आणि कंपनीचं मोठं नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, क्लोरप्रोमाझिन, फ्लुफेनाझिन ही जुनी औषधं, यांच्यात हालचालींचा धोका जास्त. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड नव्यातली आहेत पण डोस वाढला की त्यांच्यातही बऱ्यापैकी दिसतं. ओलांझापिनमध्ये कमी, अरिपिप्राझोलमध्ये पायाची बेचैनी जास्त, क्वेटियापिन आणि क्लोझापिनमध्ये सगळ्यात कमी. कमी म्हणजे शून्य नाही, "नवीन गोळी आहे, हिला साईड इफेक्ट नसतो" असं कोणी सांगितलं तर मान डोलवून सोडून द्या.

इथे तीन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, इंजेक्शन. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने कमरेत घेतलेलं इंजेक्शन पिशवीत नसतं म्हणून यादीतही येत नाही, आणि त्याचा परिणाम मात्र कित्येक आठवडे अंगात असतो. दुसरी, जोडगोळी. रिस्पेरिडोन किंवा ट्रायफ्लुओपेराझिनच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे थरथर-ताठरपणा कमी करायचं औषध, आधीच मिसळलेलं असतं, आणि वरून त्याची वेगळी गोळीही चालू असते, घरच्यांना पत्ताच नसतो. तिसरी, पोटाच्या आणि चक्करच्या गोळ्या. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड, उलटीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्कर-उलटीचं प्रोक्लोरपेराझिन, ही औषधं मेंदूत तेच डोपामिन नावाचं रसायन अडवतात जे मानसिक आजाराच्या गोळ्या अडवतात. आजीला गॅससाठी वर्षभर लेव्होसल्पिराइड चालू आहे आणि हात थरथरतोय, तर तो नुसता म्हातारपणाचा हात असेलच असं नाही. चक्करसाठीचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन यांचंही तसंच.

प्रत्येक औषधासमोर तीन गोष्टी लिहा: कधी सुरू झालं, डोस शेवटचा कधी बदलला, आणि पेशंट खरोखर घेतो का. तिसऱ्याचं उत्तर उरलेल्या गोळ्या मोजून लिहा.

२. काय शोधायचंय ते ठरवा

चार प्रकार आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी आणि पेशंटला कळण्याचं प्रमाणही वेगळं.

अक्यूट डिस्टोनिया, गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर काही तासांत ते पहिल्या चार-पाच दिवसांत. मान एका बाजूला पिरगळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. हे पेशंटला पूर्ण कळतं, दुखतं, तो घाबरतो. तरुण पोरांमध्ये जास्त. अक्कलकुवा, धडगावकडून येणारे काही जण सांगतात की आधी भगताकडे नेलं, बाहेरचं वाटलं. त्यात रात्र जाते, आणि दवाखान्यात एका इंजेक्शनवर बहुतेक वेळा थोड्याच वेळात उतरतं.

अकाथिसिया, काही दिवसांत ते काही आठवड्यांत. आतून बेचैनी, बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, उभं राहिलं की जागच्या जागी पाय बदलत राहतो. हेही पेशंटला कळतं, खूप कळतं, पण तो "पायाची हालचाल" म्हणून सांगत नाही. तो म्हणतो घबराट होते, जीव कासावीस होतो, डोक्यात काहीतरी होतंय. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरांना तसंच सांगितलं जातं, डोस वाढतो आणि बेचैनी अजून वाढते. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजातून होतं, कारण या बेचैनीत माणसाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचारही येऊ शकतात.

पार्किन्सनिझम, काही आठवडे ते महिने. चाल मंदावते, चालताना हात झुलत नाहीत, चेहरा कोरा, लाळ गळते, अक्षर बारीक होत जातं, हात थरथरतो. पेशंटला अर्धवट कळतं, तो "अंग जड पडलं" म्हणतो. घरचे आळशी म्हणतात. कापूस वेचायला बरोबरीने जाणारा पोरगा अर्ध्या ओळीत मागे पडायला लागला तर आधी गोळीची तारीख बघा, मग बोला.

टार्डिव्ह डिस्कायनेसिया, थोडक्यात टीडी. काही महिने ते वर्षांनंतर, म्हाताऱ्यांमध्ये लवकरही. चघळल्यासारखं तोंड, ओठांचा चंबू, जिभेची वळवळ, डोळ्यांची फडफड, बोटं पियानो वाजवल्यासारखी, कधी कंबर डुलते. झोपेत थांबतं. हेच ते जे पेशंटला बऱ्याचदा कळत नाही, आणि हळूहळू वाढत असल्याने सोबत राहणाऱ्यांच्या नजरेलाही सवय होऊन जाते. दिवाळीला सुरतहून आलेली बहीण पहिल्याच दिवशी विचारते "दादाचं तोंड असं काय होतं", ते याच्यामुळे. वय जास्त, बाई माणूस, डायबेटीस, बरीच वर्षं गोळ्या, आणि सुरुवातीलाच ताठरपणा किंवा थरथर येऊन गेलेली, अशांना धोका जास्त.

सावधान: ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, आणि माणूस भ्रमात किंवा अर्धवट शुद्धीत, असं एकत्र दिसलं तर ही तपासणी वगैरे काही नाही. १०८ लावा, मोठ्या दवाखान्यात न्या, सगळ्या स्ट्रिप सोबत न्या. गळा आवळून श्वास किंवा गिळणं अडलं तरी तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा आलेला ताप "ऊन लागलं" म्हणून कांदा चोळून थांबू नका.

३. तयारी

हात नसलेली, न डुलणारी, टणक खुर्ची. प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीत हात टेकलेले राहतात आणि बोटांची हालचाल लपते. खाटेवर तर अजिबात नको. चप्पल-मोजे काढून ठेवा, पायाची बोटं दिसली पाहिजेत. उजेड चेहऱ्यावर पडू द्या.

तोंड रिकामं करा. आपल्या भागात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. तंबाखू, सुपारी, मिश्री, आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा, यातलं काहीही तोंडात असेल तर तपासणीला अर्थ नाही. चघळणं आणि टीडी यांत फरक दिसत नाही, आणि वर्षानुवर्षं तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत तर सगळं घर धरूनच चालतं की याची सवयच आहे ती. चूळ भरायला लावा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. कवळी असेल तर नीट बसते का बघा, ढिली कवळी आणि दुखरा दात यांच्यामुळेही तोंड हलतं. कवळी ढिली असेल तर तसं कागदावर लिहा.

वेळ अशी निवडा की गोळी घेऊन लगेच झोप आलेली नसेल, दोन-तीन कप चहा झालेला नसेल, आणि घरात पाहुणे नसतील. बघणारा एकच माणूस. गल्लीतली चार जणं गोळा करून तपासणी होत नसते.

तपासा: कागद, पेन, घड्याळ जवळ आहे? तोंड रिकामं? पाय उघडे? मग पुढे.

४. न सांगता बघा

इथे काहीही बोलायचं नाही. टीडीची गंमत अशी की माणसाने लक्ष दिलं तर हालचाल काही वेळ दाबता येते, आणि लक्ष दुसरीकडे गेलं की वाढते. म्हणून "तुझं तोंड हलतं का ते बघायचंय" असं सांगून बसलात तर पाच मिनिटं तोंड शांत, आणि तुम्ही खूश.

दोन मिनिटं बसलेलं असताना बघा, दोन मिनिटं उभं असताना बघा, आणि गप्पा दुसऱ्याच मारा, केळीचा भाव काय चाललाय, पाणी कधी आलं होतं, काहीही. वरून खाली या: कपाळ, डोळे, ओठ, जबडा, जीभ, खांदे, हात, बोटं, कंबर, गुडघे, पावलं. उभं असताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातंय का हे नीट बघा, अकाथिसिया तिथेच पकडला जातो. जेवताना आणि टीव्ही बघतानाही एकदा नजर टाका.

५. आता विचारा, पण मोकळं विचारा

ज्या बोलीत तो माणूस घरात बोलतो त्याच बोलीत विचारा. अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली, पावरी, जी असेल ती. एका मावशीला दवाखान्यात शुद्ध भाषेत "अस्वस्थता जाणवते का" विचारलं तर त्या नाही म्हणाल्या, आणि बाहेर येऊन लेकीला म्हणे "माले एक जागे बठवत नही". डॉक्टरांना हवं होतं ते हेच.

प्रश्न असे ठेवा:

- गोळी सुरू झाल्यापासून अंगात काय काय बदललं?
- बसून राहायला कसं वाटतं? उठावंसं वाटतं का? पाय हलवले की बरं वाटतं का?
- हातापायाचं, तोंडाचं काही आपोआप होतं का, तू न करता?
- होत असेल तर त्याचा त्रास होतो की नुसतं होतं?
- जेवताना, बोलताना, शर्टाची बटणं लावताना, गाडी चालवताना अडचण येते का?
- कोणी तुला तुझ्या हालचालीवरून काही म्हटलंय का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. स्वतःला न जाणवणारा माणूसही "हां, शाळेतली पोरं हसतात" एवढं सांगून जातो.

उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. तो "घबराट" म्हणाला तर "घबराट" लिहा, तुमच्या मनाने "टेन्शन" नका लिहू. आणि उत्तर देत असताना मध्ये आई, बायको, काका कोणीही "खोटं बोलतो तो, रात्रभर फेऱ्या मारतो" असं घालू नका, त्यांचं वेगळ्या रकान्यात लिहा. पेशंट काय म्हणतो आणि घरचे काय म्हणतात यातला फरकच डॉक्टरांच्या कामाचा असतो.

६. करायला लावा

डॉक्टर यासाठी एआयएमएस (AIMS, आपोआप होणाऱ्या हालचाली मोजायची पट्टी, एम्स हॉस्पिटल नव्हे) नावाची तपासणी वापरतात, १९७६ पासून ती चालत आली आहे, बारा मुद्दे आहेत आणि त्यातला दहावा मुद्दा अख्खा पेशंटला स्वतःला किती कळतं यावरच आहे. घरी तिच्यातल्या कृती याच क्रमाने करून घ्या:

१) गुडघ्यांवर हात, पाय जरा फाकवून, पावलं जमिनीला टेकलेली. पूर्ण अंग बघा.
२) हात मोकळे लोंबू द्या, पुरुष असेल तर दोन मांड्यांमध्ये, बाई असेल तर गुडघ्यांवरून खाली. बोटं बघा.
३) तोंड उघडायला सांगा, जीभ आत कशी पडून आहे ते बघा. दोनदा.
४) जीभ बाहेर काढायला सांगा. दोनदा. जीभ बाहेर टिकते की आतबाहेर होते?
५) अंगठ्याला एकेक बोट पटापट लावायला सांगा, दहा-पंधरा सेकंद, आधी उजवा हात मग डावा. या वेळी हाताकडे कमी आणि चेहऱ्याकडे, पायाकडे जास्त बघा. सगळी तपासणी इथे उघडी पडते, लक्ष बोटांत अडकतं आणि दाबलेलं तोंड सुटतं.
६) उभं करा, बाजूने बघा.
७) दोन्ही हात समोर, तळवे खाली.
८) पाच-सहा पावलं चाल, वळ, परत ये. दोनदा. हात झुलतात का, वळताना अडखळतो का.

डॉक्टर प्रत्येक जागेला ० ते ४ गुण देतात. तुम्ही गुण देऊ नका, "नाही, थोडं, बरंच" एवढं पुरे.

सावधान: हात थरथरतोय म्हणजे हेच आहे असं नाही. लिथियम, व्हॅल्प्रोएट, थायरॉइड, दमाच्या गोळ्या, दारू सोडल्यावरचे पहिले दिवस, यांतही थरथर येते. म्हणून पहिल्या टप्प्यातली यादी पूर्ण हवी.

७. मगच दाखवा

आता सांगायची वेळ. साधं, एकदाच: "दादा, अंगठ्याला बोटं लावत होता तेव्हा तुमची जीभ फिरत होती, तुम्हाला कळलं का?" मोठ्या माणसाला अहोजाहो करत असाल तर इथेही अहोजाहोच, पेशंट झाला म्हणून एकेरीवर येऊ नका. हवं तर आरसा द्या. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फार कामाचा असतो, डॉक्टरांसमोर नेमकी हालचाल दिसली नाही तर तोच पुरावा, पण पेशंटला विचारून, आणि तो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि कायदा नसता तरी नसता टाकायचा.

मग कळण्याची पातळी लिहा:

० – दाखवूनही "असं काही होत नाही" म्हणतो
१ – कळतं, त्रास वाटत नाही
२ – कळतं, थोडा त्रास
३ – कळतं, मध्यम त्रास
४ – कळतं, खूप त्रास

दाखवण्याआधी काय म्हणाला आणि दाखवल्यावर काय म्हणाला हे दोन वेगळे लिहा. दाखवल्यावर "हो, आता कळलं" म्हणणारे असतात, आणि व्हिडिओ बघूनही "हे काय, सगळ्यांचं होतं" म्हणणारेही असतात. दुसऱ्या गटाशी वाद घालू नका. न कळणं हाही आजाराचा भाग असू शकतो, हट्ट नाही. शून्य आलं याचा अर्थ हालचाल सौम्य आहे असाही नाही, जीभ बरीच फिरत असते आणि माणूस निवांत असतो, पण घास अडकणं, गाल चावणं, दात झिजणं चालूच राहतं.

तपासा: कागदावर तारीख, वेळ, शेवटची गोळी किती वाजता, शेवटचं इंजेक्शन कधी, हे चार आहेत का?

८. मधल्या काळात काय करायचं नाही

गोळी एकदम बंद करू नका. लोक हेच पहिलं करतात, आणि होतं काय की मूळ आजार उसळतोच, शिवाय टीडी असेल तर गोळी बंद केल्यावर हालचाल काही काळ उलट वाढलेली दिसते. आणि डोस वाढवला तर ती झाकली जाते, बरी वाटते, म्हणून स्वतःहून अर्धी जास्त देणंही तितकंच चूक.

ट्रायहेक्सीफेनिडिल सुट्टं मागायला येऊ नका. "ती पांढरी छोटी गोळी द्या, थरथरीची" असं म्हणत लोक येतात, मी देत नाही, पुढचा एखादा देतो. डिस्टोनिया आणि पार्किन्सनिझममध्ये तिचा उपयोग आहे, टीडीमध्ये मात्र ती बिघडवू शकते. वयस्कर माणसाला विसरभोळेपणा, लघवी अडणं, बद्धकोष्ठ. आणि तिच्यामुळे घाम कमी येतो, म्हणजे भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्याला उष्माघाताची भीती. आधीच चालू असेल तर मात्र तीही एकदम तोडू नका.

बिडी-सिगारेट अचानक सोडली असेल तर डॉक्टरांना सांगा, धुरामुळे ओलांझापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर जातं, बिडी सुटली की त्याच डोसमध्ये औषध अंगात जास्त राहतं.

९. डॉक्टरांसमोर

कागद आधी द्या, बोलणं नंतर. पहिलं वाक्य हे असू द्या: "गोळी अमुक तारखेला वाढली, त्यानंतर अमुक दिवसांनी हे दिसलं, त्याला स्वतःला कळतं किंवा कळत नाही." झोप, भूक, भांडण सगळं नंतर. पेशंट सोबत हवाच, नुसती फाईल घेऊन "गोळ्या रिपीट करा" म्हणणाऱ्यांच्या हालचाली वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाहीत.

तीन प्रश्न विचारा: हे गोळीचं आहे का, डोस कमी किंवा औषध बदल शक्य आहे का, आणि बदल केला तर मूळ आजाराची कोणती लक्षणं आम्ही बघायची. टीडीसाठी आता वेगळी औषधं आहेत, टेट्राबेनाझिन जुनं, आणि व्हॅलबेनाझिन व ड्युटेट्राबेनाझिन यांना अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. घ्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, टेट्राबेनाझिनने उदासी येऊ शकते त्यामुळे जुना डिप्रेशनचा इतिहास असेल तर लपवू नका.

जवळ मानसोपचार डॉक्टर नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी विचारा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद पेशंट किंवा घरचेही करू शकतात, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४.

१०. पुन्हा कधी

डोस किंवा औषध बदललं की पहिल्या आठवड्यात डिस्टोनियाकडे लक्ष, पुढे महिनाभर आठवड्यातून एकदा बेचैनीचे प्रश्न आणि उभं करून दोन मिनिटं. काही बदललं नसेल तर ज्यांना धोका जास्त त्यांची पूर्ण तपासणी दर सहा महिन्यांनी, बाकीच्यांची वर्षातून एकदा. तारीख लक्षात राहत नसेल तर पोळ्याला एकदा आणि होळीला एकदा धरा, खुर्ची तीच, बघणारा शक्यतो तोच, आणि जुना कागद तपासणी झाल्यावरच उघडा, आधी वाचला की डोळे तेवढंच शोधतात.